वरची पळी

माझा थोरला भाऊ अजिनाथ गावच्या दूध केंद्रावर फॅट बघतो. बावीस वर्षं झाली. वरवरच्या दुधाला फॅट जास्त लागतं, भावबी जास्त मिळतो, पण हा कॅनमधलं दूध तळापासून ढवळल्याशिवाय नमुना घेत न्हाई, सख्ख्या सासऱ्याचाबी घेतला न्हाई. सासरा दोन वर्षं बोलत नव्हता. लोकं तोंडावर त्याला साहेब म्हणत्यात, माघारी काय म्हणत्यात ते लिहिण्यासारखं न्हाई.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा संगमनेरला डायलिसिसला पडून असतो. दादाची किडनी जुळली. डॉक्टर म्हणाले, चालंल, पण आधी वजन अठ्ठ्याऐंशीवरनं ऐंशीवर आणा. बायकोची संमती लागती, तर पुष्पावती वहिनीनं लगेच सही केली. मला वाटलं, देवमाणूस.

दादानं मग घरच्या जेवणाच्या कॅलरी काढायला घेतल्या. मोबाईलमधल्या ॲपला पिझ्झा ठाऊक, येसराची आमटी न्हाई. मग त्यानं छोटा काटा विकत आणला. तेल, शेंगदाण्याचं कूट, बाजरीचं पीठ, समदं गॅसवर चढायच्या आधी तोलायचं, कॅलरींची बेरीज करायची आन पातेल्यात जेवढ्या पळ्या आमटी, तेवढ्यानं भागायचं. दोन पळ्या, दीड भाकर, चारशे ऐंशी. वहीत लिहिल्याबिगर घास न्हाई. वहिनी म्हणायची, जेवण हाय का तलाठ्याचा सातबारा.

दीड महिन्यात वजन एक किलो वाढलं.

दादानं काटा तपासला, पीठ पुन्हा तोललं, ॲपला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. काखेत कळसा आन गावाला वळसा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं हुतं. मी त्याच्या शेजारीच बसून बिनमिठाचं जेवतो. वहिनी दादाला वाढताना पळी वरच्यावर फिरवायची, तेलाचा समदा तवंग त्याच्या वाटीत. बाकीच्यांना खालचं पाणी. मी बोललो न्हाई. नवऱ्याची किडनी मागायची आन वर तिच्या वाढण्याला नावं ठेवायची, एवढं तोंड मला न्हाई.

एका रविवारी दादानं वहीतनं मान वर केली आन त्याला ती पळी दिसली. मला वाटलं, आता केंद्रावरचा साहेब जागा व्हतो. त्यानं नुसतं विचारलं, किती दिवस चाललंय हे.

"पयल्या दिवसापास्नं," वहिनी म्हणाली. "वजन उतरलं की तुमाला फाडत्याल. भावजींचं लई वाईट वाटतं मला, पर भ्या वाटतं."

मी ताटावरनं उठायला लागलो. दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मग पातेलं तळापासून ढवळलं आन पळी परत तिच्याच हातात दिली. तिनं तिघांना वाढलं.

त्याला चार महिने झाले. वहिनी ढवळून वाढती, पण माझ्याशी बोलणं बंद. मला तिचा राग येत न्हाई. आला असता तर सोपं गेलं असतं.

काल सकाळी दादा वजनाच्या मशीनवर उभा राहिला. पोट अजून मधी येतं, त्याला आकडा दिसत न्हाई, म्हणून वहिनी वाकून वाचती. मला दारातनं दिसत हुतं, ऐंशी. ती बराच वेळ वाकलेलीच हुती. तिनं दोन किलो वाढवून सांगितले असते तरी मी काय बोललो नसतो.

"ऐंशी," वहिनी म्हणाली. मग सरळ झाली आन मला म्हणाली, "भावजी, दवाखान्यात फोन लावा."