बसमध्ये न मावणारा बांबू

वाशीचे रस्ते रुंद होते, कारण ते मोटारवाल्यांसाठी आखले होते. मोटारी होत्या किती? आमच्या अख्ख्या सोसायटीत एक, तीही बहुतेक वेळ ताडपत्रीखाली. बाकी आम्ही थांब्यावर, उन्हात. हे मी पत्रकांत लिहायचो, चौकात वाटायचो, आणि दर रविवारी खांद्यावर वाहायचो. कारण बाबांची गळाची काठी माझ्या खांद्यावर असायची.

काठी म्हणजे एकसंध बांबू, दोन माणसांएवढा लांब. बाबांनी गावी असताना स्वतः शेकून सरळ केलेला. निवृत्तीनंतर त्यांना एवढाच नाद उरला होता: दिवाळे गावच्या खाडीवर भरतीला गळ टाकून बसायचं. आमिषाच्या कोलंबीचा डबा, दोरा, पिशवी, आणि दुखणारे गुडघे. चालत जाणं शक्यच नव्हतं.

"बांबू घेऊन चढायचं नाही," कंडक्टर म्हणायचा.

"सामानाचं तिकीट फाडा."

"सामान? मांडव घालायला निघालात काय?"

मागच्या बाकावर रिकामी पाटी घेऊन बसलेली कोळीण एकदा खेकसली, "ओ मास्तर, म्हातारा काय तुला काठीनं ढोसनार हाय? चढू दे त्याला. काठी खिडकीतून भायेर धरा रे!"

मग काठी बसच्या बाहेरून आडवी, आणि खिडक्याखिडक्यांतून निघालेले हात तिला धरून. अशा आम्ही कितीतरी फेऱ्या केल्या. पण कंडक्टर बदलला की वाद पहिल्यापासून. वादात बस जायची, पुढची कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. भरती थोडीच थांबते? आम्ही पोचायचो तेव्हा चिखल उघडा पडलेला असायचा.

शेजारी म्हणाले, काठी कापा, मध्ये पितळेची नळी बसवा. बाबांनी मान हलवली. "सांधा आला की मासा हाताला कळत नाही."

मग मी पत्रक काढलं. सह्या गोळा केल्या. डेपोत गेलो तर साहेब रजेवर; पुन्हा गेलो तर साहेब मीटिंगमध्ये. सगळ्या शहराचा आराखडा करणाऱ्यांना बसमध्ये एक काठी बसवता येत नव्हती!

एका रविवारी सकाळी गॅलरीत करवतीचा आवाज आला. काठीचे दोन तुकडे झाले होते.

"बाबा, हे काय केलंत? आपण हा प्रश्न लावून धरलाय!"

"तू धर लावून. मला भरती गाठायचीय."

त्या दिवशी कंडक्टरनं आमच्याकडे बघितलंही नाही. तुकडे सीटखाली गेले. खाडी काठोकाठ भरली होती. बाबांनी नळीत तुकडे बसवले, गळ टाकला. थोड्या वेळानं दोरा ताणलेला मला दिसला. बाबांचा हात तसाच. मी ओरडेपर्यंत कोलंबी गेली होती.

त्यांनी दुसरी लावली. "तू दोऱ्याकडे बघ," ते म्हणाले. "हललं की सांग."

जमीन ओली होती. उरलेली पत्रकं खाली घेऊन मी बसलो, आणि बघत राहिलो.