घाम सुटला

गोष्टी लिहिणारे सहज लिहून जातात, ‘त्याला दरदरून घाम फुटला.’ हे वाक्य मला स्वतःबद्दल कधीच लिहिता येणार नाही. भीती भरपूर वाटली, घाम मात्र आयुष्यात एकदाही आला नाही. माझ्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस, आणि तोंडात जन्माचे चारच दात, तेही टोकदार. कवळी बसवली, टोपी घातली की मी चारचौघांसारखा दिसतो.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात सगळा उन्हाळा मी घरातच काढायचो. आई दाराला ओलं पोतं टांगायची आणि मी त्याच्यामागे. बाहेर पोट्टे गोट्या खेळायचे, मी पोत्याच्या भोकातून बघायचो. तरी अंग तापायचंच. आणि ताप म्हटला की आमच्याकडे उपाय एकच : गोधडी घालून घाम काढायचा. घाम सुटला की ताप उतरला. वडील माझ्यावर दोन गोधड्या टाकायचे, कडा अंगाखाली दाबायचे आणि उशाशी बसून विचारत राहायचे, “सुटला का बे घाम?” माझ्यावर जीव होता त्यांचा, म्हणूनच एवढं घट्ट दाबायचे. आत मी नुसता भाजत असायचो. त्या गोधडीचा वास अजून आठवला तरी मी उठून खिडकी उघडतो.

सोडवायची ती आई. पदर पाण्यात बुडवून आणायची, तोंड पुसल्यासारखं करून माझं कपाळ ओलं करायची आणि ओरडायची, “सुटला, सुटला! पाहा, कपाय ओलं झालं!” वडील हात लावून बघायचे आणि गोधड्या काढायचे. तिला यातलं शास्त्र काही ठाऊक नव्हतं. पोरगं आत मरेल, एवढंच कळलं होतं.

नोकरी मी सावली पाहून धरली, वाचनालयातली. माझ्या अंगाचं कारण मात्र कळलं ते बाप झाल्यावर. मुलीची वेणी पातळ, दोन दात आलेच नाहीत, म्हणून तिला अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला तपासलं आणि मग मलाच टोपी काढायला लावली. गर्भात कातडी आधी सपाट असते, त्या म्हणाल्या. मग एका जनुकाचा निरोप जातो : इथे केस, इथे दात, इथे घामाची ग्रंथी. माझ्यात तो निरोप पोचलाच नाही. मला ते पेरणीच्या तिफणीवरून उमगलं. पेरताना नळा बुजला की बैल चालतात, मातीत तास पडतो, फक्त बी पडत नाही. मुलीकडे दोन नळे, बुजलेला माझ्याकडून आलेला आणि मोकळा तिच्या आईकडून, म्हणून तिचं निभावलं. “पण तिला मुलगा झाला तर निम्मी शक्यता आहे,” बाई म्हणाल्या. “तिला सांगून ठेवा.”

घरी येऊन मी ते फक्त माझ्या आईला सांगितलं, मुलीला नाही. लग्नाच्या बोलणीत तर मुळीच नाही. मुलीत खोट काढतील ही भीती होती, आणि खरं बोलायचं तर टोपी काढायची लाज. मुलगी वरवट बकालला दिली. माणसं चांगली, वांगी-मिरची पिकवणारी. पुढे नातू झाला. जावळ काढायला न्हावी आला आणि बाळाचं डोकं बघून हसत म्हणाला, “काढू काय?” विहीणबाई माझ्या टोपीकडे बघत कौतुकानं म्हणाल्या, “आजोबावर गेलं पोट्टं!” सगळे हसले. मीही हसलो. दात येईनात तेव्हा माझी झोप उडाली, तरी तोंड उघडलं नाही.

यंदा एप्रिलात मुलीचा फोन आला, बाळाला ताप आहे, या. नांदुऱ्याला एसटी बदलून, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन, बाटलीतलं पाणी अंगावर शिंपडत मी भर दुपारी पोचलो. विहीणबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गोधडीत गुंडाळून. फक्त तोंड बाहेर, लालबुंद आणि कोरडं.

“सकायपासून तापून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “घाम निघाला की मोकयं करू त्याले.”

घाम निघणार नव्हता. त्या घरात हे मला एकट्यालाच माहीत होतं, असं मला वाटत होतं. सांगावं तर मुलीचा संसार, न सांगावं तर बाळ. साठीच्या वयात कुणीतरी मला पुन्हा गोधडीत घालून कडा दाबल्या होत्या, आणि या वेळी सोडवायला आई नव्हती.

तेवढ्यात मुलगी आतून आली. तोंड पुसल्यासारखं करून तिनं बाळाच्या कपाळावरून पदर फिरवला.

“आई, सुटला घाम. पाहा ना.”

विहीणबाईंनी हात लावला. “हाव, सुटला,” म्हणाल्या आणि गोधडी सोडली. मुलीच्या पदराच्या टोकातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. ते मी पाहिलं.

मोरीत ती बाळाच्या अंगावर तांब्यातांब्यानं पाणी ओतत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो.

“आजीनं शिकवलं,” ती वळून न बघता म्हणाली. “लग्न ठरलं तेव्हा. म्हणे, तुहा बाप सांगणार नाई कधी.” बाळ रडायचं थांबलं होतं. “पण मी किती वर्सं पदर भिजवू, बाबा?”

मी बाहेर आलो, विहीणबाईंसमोर बसलो आणि टोपी काढली.

“तो घाम नव्हता. पाणी होतं. त्याले घाम येतच नाई, अन् मलेही येत नाई. माझ्याकडून आलं ते. पोरीचा दोष नाई.”

“काऊन नाई सांगितलं आधी?” त्यांचा आवाज चढला. मग नजर मांडीवरच्या गोधडीवर गेली आणि आवाज फुटला. “म्हंजे मी पोराले भाजून राह्यली होती काय?”

त्या उठल्या, मोरीत गेल्या, गोधडी बादलीत बुडवली आणि तशीच निथळती आणून दाराला टांगली.