झीलकऱ्याचा अभिप्राय

गाण्याच्या बाबतीत कचरू टेलरच्या तोंडी लागू नये, असं सुलतानपुरात कुणीही सांगेल. माणूस तसा गरीब. सांगितल्या दिवशी शर्ट तयार नसतो एवढाच त्याचा दोष, आणि तो तर सगळ्याच टेलरांचा. पण अन्नपूर्णाबाईंचं नाव निघालं की हातातली कात्री खाली ठेवून तो न्यायाधीश होतो.

त्याला तसा हक्कही होता. मेहकरच्या अन्नपूर्णाबाई भीमगीतं गात गावोगाव फिरल्या, त्यातली सव्वीस वर्षं कचरू त्यांच्या मागे बसून झील धरत होता. बाईंनी ओळ गाऊन सोडली की मागच्यांनी ती उचलायची, वर न्यायची, आणि तेवढ्यात बाईंनी दम घ्यायचा, नाहीतर पुढचं कडवं आठवायचं. लोक बाईंकडे बघत. झीलकऱ्याकडे कुणी बघत नसे, आणि कचरूला त्याचं कधी काही वाटलं नाही.

यंदा बहात्तराव्या वर्षी बाईंचा नवा अल्बम आला. सात गाणी, मोबाइलवर. चाहत्यांच्या ग्रुपवर चार दिवस नुसता कल्ला. पोरांना बीट आवडला, बाई आवडल्या नाहीत. म्हाताऱ्यांना बाई आवडल्या, बीट आवडला नाही. ग्रुप चालवणाऱ्या प्रसेनजित मास्तरांनी शेवटी लिहिलं, की कचरूकाका म्हणतील ते खरं. झालं, कचरू हरभऱ्याच्या झाडावर चढला. एका बोटाने टाइप करत त्याने निकाल दिला : "बाईचा दम संपला. दर तिसऱ्या ओळीले श्वास तुटते. आता थांबलेलं बरं."

भराभर अंगठे आले. दिवसभर कचरू नव्या कॉलरसारखा ताठ होता. फक्त त्याची बायको भिमाबाई एवढंच म्हणाली, की ज्या ताटात सव्वीस वर्षं जेवलात त्याला आता छिद्र पाडता का. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी तो एका पायजम्याला नाडीची पट्टी मारत होता. शेजारी मोबाइलवर तोच अल्बम चालू होता. नावं ठेवायची तरी ऐकावं लागतंच. तिसरी ओळ आली, बाई थांबल्या, आणि कचरूचं तोंड आपोआप उघडलं. त्याने ओळ उचलली, वर नेली, खाली आणून ठेवली, आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंनी पुढची ओळ धरली. मधे सुईच्या टोकाइतकीही जागा उरली नाही.

त्याचा पाय पायडलवरच थांबला.

त्याने गाणं पुन्हा लावलं. मग दुसरं, मग तिसरं. सातही गाण्यांत तेच. श्वास तुटत नव्हता. बाई वाट बघत होत्या.

आणि मग त्याला तो फोन आठवला. आठ महिन्यांपूर्वी बाईंनी स्वतः बोलावलं होतं, रेकॉर्डिंग आहे, झील धरायला ये. तो म्हणाला होता, आता कोरस कोणाले पायजे बाई, कम्प्युटर सगळं करते. खरं कारण वेगळंच होतं. त्याचे पुढचे दात गेले होते, शब्दांतून वारा निघायचा, आणि तो आवाज बाईंच्या कानावर पडू द्यायची त्याला लाज वाटली होती. स्वतःचा आवाज गेला म्हणून घरी बसलेल्या माणसाने बाईंना थांबायला सांगितलं होतं. कचरूला स्वतःची शिसारी आली.

त्याने ग्रुपवर लिहिलं, की माझी चूक झाली. पोरं हसली. काका, आता पलटी मारू नका, असं एकाने लिहिलं. लिहून भागणार नाही हे त्याला कळलं. भिमाबाईच्या मोबाइलवर त्याने गाणं लावलं, आपल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि दर तिसऱ्या ओळीला, होता तसा, फसफसत्या आवाजात झील धरली. सगळं गाणं संपेपर्यंत. मग डोळे मिटून बोट दाबलं आणि ते ग्रुपवरच्या तीनशे लोकांना पाठवून दिलं.

मास्तरांनी ते बाईंना पाठवलं असावं, कारण संध्याकाळी दुकान बंद करताना बाईंचाच फोन आला.

"पहिलं लिहिलेलं बी वाचलं म्या," बाई म्हणाल्या. "मंग रेकॉर्डिंगले बोलावलं तवा काऊन नाही आला बे?"

"तोंडात दात नाहीत ना, बाई."

पलीकडे बाई जरा थांबल्या. हे थांबणं त्याच्या ओळखीचं होतं.

"अन् माह्यात दम नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तं तुले बोलावलं होतं."