सत्तावीस नंबरची गैरहजेरी

इतिहासाचे सर वर्गात ‘हजर’ हा शब्द ऐकूनच घेत नसत. तासाची शेवटची वीस मिनिटं हजेरीची. नंबर पुकारला की त्या विद्यार्थ्याने त्याच दिवशीच्या तासावर एक प्रश्न विचारायचा. विचारला तर हजर, नाही विचारला तर गैरहजर. “हजर म्हणायला पोपटही शिकतो,” असं ते म्हणायचे. त्यामागे एक जुनं दुखणं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलाची हजेरी त्याचा मित्र आवाज बदलून देत राहिला आणि सरांनी त्या मुलाला ‘अत्यंत नियमित विद्यार्थी’ असं शिफारसपत्रही लिहून दिलं. तो पहिल्याच महिन्यात शहर सोडून गेला होता, हे सरांना परीक्षेच्या दिवशी कळलं. तेव्हापासून त्यांनी माणसांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि कागदांवर ठेवायला सुरुवात केली.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. डोक्यावरचे केस गेले, खोड गेली नाही. कोणी काहीही सांगितलं की भुवया वर चढायच्या आणि सर विचारायचे, “पुरावा काय?” मुलं त्यांना पुरावासर म्हणत. बायकोने ‘तुम्ही बाबा होणार’ अशी बातमी दिली तेव्हाही त्यांनी पुरावा मागितला होता, अशी एक कथा दर वर्षी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे यायची. तिचा पुरावा मात्र कोणी मागत नसे, कारण ती सगळ्यांची लाडकी होती.

मुलंही काही कमी नव्हती. त्यांनी प्रश्नांचा साठाच करून ठेवला होता. ‘सर, तेव्हा दात कशाने घासायचे?’ हा प्रश्न कुठल्याही शतकाला चालायचा. ‘सर, तेव्हा डासांचं काय करायचे?’ हाही बारमाही. बडबडी नावाने ओळखली जाणारी एक मुलगी तर मागच्या बाकावरून गरजूंना चिठ्ठ्यांवर प्रश्न पुरवायची. सर हे प्रश्न ऐकून हजेरी मांडत, कारण नियम म्हणजे नियम.

सगळ्यात हाल होते ते सत्तावीस नंबरचे. तिची जागा तिसऱ्या बाकावर, नेमकी खांबाच्या आड. मुलगी हुशार, पण तिचे प्रश्न उशिरा यायचे. तास संपायचा, ती घरी जायची, संध्याकाळी आईच्या हाताखाली भांडी घासायला बसायची आणि तव्यावर घासणी फिरवता फिरवता एकदम प्रश्न सुचायचा. वरातीमागून घोडं, ते असं. एकदा तिने धीर करून दुसऱ्या दिवशी तो प्रश्न विचारून पाहिला. “शिळा आहे,” असं म्हणून सरांनी मान खाली घालून पुढचा नंबर पुकारला. दात घासण्याचा प्रश्न उसना घ्यायची तिला लाज वाटायची. मग ती गप्प राहू लागली, आणि हजेरीपटावर सत्तावीसपुढे फुल्यांची रांग लागली.

सत्र संपताना नोटिस बोर्डावर यादी लागली. एक्केचाळीस तास, हजेरी शून्य, इतिहासाच्या परीक्षेला बसता येणार नाही. दुरुस्त्या शनिवारी बारा वाजेपर्यंत. म्हणजे उद्याच! तिच्या पायांखालची जमीनच सरकली. वर्ष वाया गेलं तर काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, हे घरात आधीच ठरलं होतं. तिला कॉलेजात घालताना काका म्हणालेच होते, “जाऊ दे, वर्षभर हौस भागवू दे तिची.” काकांचं खरं होणार या विचाराने तिला रडू येण्याऐवजी रागच आला, आणि त्या रागाच्या भरात ती बडबडीला हाताला धरून सरांच्या खोलीत शिरली.

खोलीत कागदांच्या थप्प्या होत्या, त्यांच्यामागे सर होते. तिने सगळं सांगितलं. सरांनी खिशातले खडूचे तुकडे टेबलावर काढून ठेवले आणि व्हायचं तेच झालं.

“रोज येत होतीस. बरं. पुरावा काय?”

“ही साक्षीदार आहे, सर,” तिने बडबडीला पुढे केलं.

“रोज माझ्या पुढच्या बाकावर असते, सर! देवाशपथ!”

“देवाला मध्ये आणू नकोस, त्याची उलटतपासणी घेता येत नाही. गेल्या मंगळवारी हिने कुठल्या रंगाचे कपडे घातले होते?”

“निळे,” बडबडी ठामपणे म्हणाली.

दारात चहाचे कप न्यायला आलेले शिपाईमामा उभे होते. त्यांनी ही मुलगी रोज पाहिलेली. “हिरवे होते की, सर,” ते म्हणाले.

“पिवळे होते,” सत्तावीस नंबर हताश होऊन म्हणाली.

सरांचा चेहरा उजळला. दोन साक्षीदार, तीन रंग! असा ऐवज रोज हाती लागत नाही. त्यांनी हजेरीपट उघडला. “आणि बडबडी, मंगळवारी तू डासांबद्दल विचारलंस, असं इथे दिसतं. तो आवाज मला जरा घोगरा वाटला होता.”

बडबडीने जीभ चावली. मंगळवारी ती मावशीकडे होती. ‘मला काम आहे’ असं पुटपुटत ती निघून गेली. आधीच उल्हास, त्यात ही साक्षीदार पळाली. आता सत्तावीस नंबरकडे फक्त तिची वही उरली. तिने ती उलटी करून टेबलावर ठेवली. मागच्या पानांवर भांडी घासताना सुचलेले प्रश्न होते, प्रत्येकावर तारीख, एकूण एक्केचाळीस.

सरांनी भिंग काढलं. त्यांनी शाई पाहिली, पानांचे कोपरे पाहिले, एका डागाचा वाससुद्धा घेतला. “साबण. तीन वेगवेगळी पेनं. एका बैठकीत लिहिलेलं नाही, एवढं मान्य,” ते म्हणाले. “पण मैत्रिणीच्या वह्या घरी नेऊन हे लिहिता येईल. तू वर्गात होतीस हे यातून सिद्ध होत नाही.”

आता मात्र तिचा तोल सुटला. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “मग सर, तुम्हीच सांगा! किल्लेदार वेढ्यात मेला असं तुम्ही सांगितलंत. आणि त्याच तासाला, शेवटी शेवटी, त्याचं एक पत्र वाचून दाखवलंत. सरपण ओलं आहे, थंडीने हात वळत नाहीत, असं. ते पत्र वेढा उठल्यानंतर चार महिन्यांनी लिहिलेलं. मेलेल्या माणसाला थंडी कशी वाजली?”

सर हसायच्या बेतात होते, ते थांबले. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्यांच्या तरुणपणी त्यांनी स्वतः जुन्या दप्तरांतून उतरवून आणलेली ती टिपणं होती, आणि त्यांचा गठ्ठा त्यांनी कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं, गठ्ठा सोडला, पिवळी पानं चाळली. सातव्या पानावर किल्लेदार मेला होता. नवव्या पानावर त्याला थंडी वाजत होती. सर खाली बसले.

“ही तारीख दुसऱ्या कोणाच्या वहीत असेल?” त्यांनी विचारलं.

“बडबडीच्या वहीत ‘किल्लेदार शूर होता’ एवढंच आहे, सर. आणि खाली फूल काढलंय.”

सरांनी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत हजारेक मुलांनी मेलेल्या माणसाचं पत्र निमूटपणे ऐकून घेतलं होतं आणि वर, सर, तेव्हा डासांचं काय करायचे, असं विचारून हजेरी लावून घेतली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरीवर आपण अन्याय केला हे टोचत होतं, आणि तरी आत कुठेतरी एवढा आनंद झाला होता की तो लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“हा एका दिवसाचा पुरावा झाला,” ते खाकरून म्हणाले. “उरलेले चाळीस काढ. आणि बस आधी. उभी काय राहिलीस?”

मग त्यांनी एकेक प्रश्न वाचला. काहींवर ते वाद घालत होते, दोन प्रश्नांवर चक्क हरले. सूर्य कलला, शिपाईमामा दोनदा कुलूप घेऊन येऊन गेले. शेवटचा प्रश्न संपल्यावर सरांनी हजेरीपट पुढ्यात ओढला. तिला वाटलं, आता ते फुल्या खोडतील. पण सरांनी एकाही फुलीला हात लावला नाही. “झालेली नोंद खोडायची नसते. ती चूक असली तरी कोणीतरी केलेली असते,” ते म्हणाले, आणि खालच्या कोऱ्या जागेत सावकाश काहीतरी लिहून त्यांनी सही केली, वहीची मागची पानं पटाला टाचली.

शनिवारी अकरा वाजता ऑफिसातल्या हेडक्लार्कनी तो शेरा वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला आणि इतक्या वर्षांत असलं काही पाहिलं नाही म्हणत शिक्का मारला. परीक्षेच्या यादीत सत्तावीस नंबर आला. पट परत कपाटात जाण्याआधी तिने मान वाकडी करून ते अक्षर वाचून घेतलं आणि मग तिला रडू आवरेना.

सरांनी लिहिलं होतं: ‘सत्तावीसपुढील एक्केचाळीस नोंदी चुकीच्या आहेत. विद्यार्थिनी प्रत्येक तासाला वर्गात होती. नोंद करणाऱ्याने मान वर करून पाहिलं नाही. पुरावा सोबत जोडला आहे.’