साडभाऊंची झोप

झोपेवर प्रेम करणारी माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात, पण झोपेचा आदर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. एकाच घरचे दोन जावई म्हटल्यावर सासुरवाडीत तुलना होणं आलंच, आणि त्या तुलनेत मी कधी वर आलो नाही, याचं एकमेव कारण त्यांची झोप. सौंदडला सासऱ्यांच्या घरी पोचले, की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी ते विचारायचे, "अंधारी खोली कोनती हाय जी?" खोली दाखवली की दार लोटलं जायचं, आणि थोड्याच वेळात आतून असा भरदार घोरण्याचा आवाज सुरू व्हायचा की पाहुण्यांना आत राइस मिल आहे असं वाटावं. मग सगळं घर चवड्यांवर चालायचं. सासूबाई मिक्सर बंद करून चटणी पाट्यावर वाटायच्या, आणि सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, ते फोन आला की बोलायला थेट रस्त्यावर जायचे. मी मात्र जेवून जरा आडवा झालो, की कोणीतरी यायचं आणि म्हणायचं, "भाऊजी, उठा, जरा धानाच्या बांधीवर चक्कर मारून येऊ."

आता हा मान त्यांना फुकट मिळालेला नव्हता. साडभाऊ ड्रायव्हर होते, आणि साधेसुधे नव्हेत. बिरसीच्या विमानतळावर विमान उतरलं, की पायलट आणि हवाई सुंदऱ्यांना गोंदियाच्या हॉटेलात आणायचं, आणि त्यांची वेळ झाली की परत सोडायचं, हे त्यांचं काम. धुकं पडलं, विमान बिघडलं, किंवा विमान आलंच नाही, तर त्याच मंडळींना रस्त्याने नागपूरला पोचवायचं. पांढरी गाडी ठेकेदाराची, ठेका विमान कंपनीचा, आणि मधे साडभाऊ. या ठेकेदाराचं एक साधं गणित होतं. क्रू हॉटेलात झोपला म्हणजे ड्रायव्हर मोकळा, आणि ड्रायव्हर मोकळा म्हणजे गाडी मोकळी. उभी गाडी पाहिली की त्याच्या पोटात दुखायचं. मग कोणाची वरात, कोणाचा पेशंट रायपूरला, कोणाचे पाहुणे स्टेशनवरून, असं काहीतरी निघायचंच. त्यातून वेळ उरला तर ड्रायव्हरने सीट मागे पाडायची, पाय खिडकीतून बाहेर काढायचे आणि मच्छरांच्या संगतीत पडून राहायचं. त्यालाच तिथे आराम म्हणत.

हॉटेलसमोरच्या चहाटपरीवर बाकीचे ड्रायव्हर जमले, की किती रात्री जागलो याच्या फुशारक्या चालायच्या. कोणी म्हणायचा, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसरा लगेच त्याच्यावर तिसरी रात्र चढवायचा. साडभाऊ त्यात शांतपणे सांगायचे, "मी त काल रातभर झोपलो, अन् दुपारी बी झोपलो." पैलवानाने बैठका सांगाव्यात त्या थाटात. टपरीवाल्याने त्यांचं नाव ठेवलं 'सोनेवाले सेठ'. गोंदियाच्या हिंदीत हे नाव इतकं पसरलं, की एकदा एक अनोळखी गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी दागिने घडवायचे म्हणून त्यांची चौकशी करत आले. साडभाऊंनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला, आणि लग्नाच्या धावपळीत मुलीच्या बापाने झोपायचं कसं, हे तासभर समजावून सांगितलं.

या भक्तीचं मूळ एका कॅप्टन बाईंमध्ये होतं. त्या विमान चालवायच्या आणि गाडीत नेहमी साडभाऊंच्या मागच्या सीटवर बसायच्या. एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की पायलटचा आराम पुरा झाल्याशिवाय त्याला विमान उडवता येत नाही, तसा नियमच आहे. हे ऐकून साडभाऊ इतके हलले की ड्युटी संपवून तडक माझ्याकडे मुर्रीला आले. "विचार करा साडभाऊ," ते मला म्हणाले, "एवढं मोठं विमान, सारे लोक पट्टे बांधून बसले, अन् पायलट म्हनते का माही झोप नाही झाली, त विमान उभं. अन् त्याले कोनी आळशी नाही म्हनत." मग अंगणाकडे बघत ते हळूच म्हणाले, "पन त्याले विमानापर्यंत जो आनून सोडते, त्याले कोनीच नाही पुसत."

त्या दिवसापासून कोणी विचारत नाही म्हणून ते स्वतःच स्वतःला विचारू लागले. आणि ज्या दिवशी स्वतःचं उत्तर पटायचं, त्या दिवशी दुसऱ्यांना विचारायचे. एकदा अर्जुनी मोरगावहून एका बारशाचं जेवण करून आम्ही दोघं सहकुटुंब परतत होतो. काळीपिवळी जीपमध्ये मी कशीबशी खिडकीची जागा पटकावली होती, आणि यांनी वाकून जीपवाल्याला विचारलं, "झोपले होते का जी?" जीपवाला म्हणाला, "काऊन?" हे म्हणाले, "डोरे लाल दिसून राहिले तुमचे." त्यावर जीपवाल्याने जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही चौघं सामानासकट खाली उतरलो आणि पुढच्या गाडीची वाट बघत भर उन्हात उभे राहिलो. ती येण्याआधी तीच जीप, तोच जीपवाला, सवाऱ्या सुखरूप पोचवून परत आला आणि आमच्याकडे बघून छान हात हलवून गेला. माझी बायको त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साडभाऊंशी बोलायची तिची टाप नव्हती.

पण हे सगळं एका पारड्यात आणि भात दुसऱ्या पारड्यात. आमच्या या धानाच्या जिल्ह्यात माणूस भातावर जन्मतो, भातावर वाढतो, आणि जेवलास का असं विचारायचं असेल तर भात खाल्लास का असं विचारतो. इथे साडभाऊंनी ड्युटीच्या दिवशी भात सोडला. भाताने डोळ्यावर झापड येते, हे त्यांचं ठाम मत. नवीन तांदूळ घरात आला तेव्हा मामाजींनी दोन्ही जावयांना मुद्दाम जेवायला बोलावलं. स्वतःच्या बांधीतला तांदूळ, वाफ अशी दरवळत होती की मी वरणाची वाट न बघता सुरुवात केली. साडभाऊंनी ताटावर आडवा हात धरला. "मामाजी, आज ड्युटी हाय. भात नको." मामाजींचा चेहरा उतरला. तांदळात काही खोट आहे का, असं त्यांनी मला तीनदा बाजूला घेऊन विचारलं. सासूबाईंनी थोरल्या जावयाला साखरेचा आजार झाल्याचं ठरवून टाकलं आणि गावभर हळहळ व्यक्त केली. ठेकेदारसुद्धा चेष्टेने त्यांच्यापुढे बिर्याणीची प्लेट सरकवायचा, आणि ते ती तितक्याच प्रेमाने परत सरकवायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र ते असा भात खायचे की वाढणाऱ्याचा हात दुखावा. "भात खाल्ला म्हनजे ड्युटी खतम," असं ते म्हणायचे, आणि त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

ऐन लग्नसराईतली गोष्ट. थोरली मेहुणी आमच्याकडे मुर्रीला आली होती. साडभाऊ कामावर, म्हणून मी दुपारच्या सुट्टीत त्यांचा डबा घेऊन हॉटेलवर जायचं ठरलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. माझी दुपारची सुट्टी थोडी ऐसपैस असते. पोचलो तेव्हा पोर्चमध्ये कॅप्टन बाई आणि त्यांचे सोबती बॅगा घेऊन उभे होते, ठेकेदार त्यांच्या आणि गाडीच्या मधे येरझाऱ्या घालत होता, आणि साडभाऊ गाडीला पाठ टेकून उभे होते. त्यांचे डोळे मी तसे कधीच पाहिले नव्हते. टपरीवाल्याने मला सगळं सांगितलं. आदल्या दिवशी ठेकेदाराने त्यांना वरातीबरोबर अर्जुनी मोरगावला पाठवलं होतं. वरात सकाळपर्यंत हलली नाही, आणि गाडीच्या शेजारीच डीजे लावलेला होता. वरात घरी सोडून ते गोंदियात आले न आले, तोच फोन आला की आज विमान येत नाही, क्रूला लगेच नागपूरला घेऊन जा.

साडभाऊ खालच्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी झोपलो नाही. मी गाडी नाही चालवत." ठेकेदार आधी हसला. मग म्हणाला, तोंडावर पाणी मार, कडक चहा पी, रस्ता सरळ आहे. मग त्याचा आवाज चढला. "आज नहीं जाओगे तो कल से मत आना." त्यांची मुलगी नागपूरला नर्सिंगला होती आणि सगळं घर या एका नोकरीवर उभं होतं. मी त्यांना बाजूला ओढलं. म्हटलं, मी पुढे बसतो तुमच्या शेजारी, नागपूरपर्यंत अखंड बोलत राहतो. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "तुमी बोलान हो साडभाऊ," ते म्हणाले, "पन झोपलेला मानूस आयकते का?"

मग त्यांनी माझ्या हातातला डबा मागितला. वरचं झाकण काढलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. डब्यात भात होता. बहिणीने दहा वेळा बजावूनही, भाताशिवाय डबा द्यायला माझ्या बायकोचा हात धजावला नव्हता. साडभाऊंनी त्या भाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या थकलेल्या तोंडावर हसू आलं. मग ते हॉटेलच्या पायरीवर मांडी घालून बसले, भातावर वरण ओतलं आणि सावकाश कालवून जेवायला लागले. ठेकेदार अजून ओरडतच होता. ओरडता ओरडता त्याची नजर डब्यात गेली आणि तो मधेच थांबला. टपरीवरचे सगळे ड्रायव्हर उठून उभे राहिले होते. त्यांतला एकही हसला नाही. मी सभा पाहिल्या आहेत, मोर्चे पाहिले आहेत, कचेरीत टेबलावर मुठी आपटणारी माणसं पाहिली आहेत, पण चार घास वरणभात खाऊन एवढ्या माणसांची तोंडं बंद करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

कॅप्टन बाई पुढे आल्या. "भैया, आप तो चावल नहीं खाते?" साडभाऊ अदबीने उठून उभे राहिले आणि तोंडातला घास संपवून म्हणाले, "आज ड्यूटी नहीं है, मॅडम. रातभर सोया नहीं." बाईंनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि ठेकेदाराला सांगितलं, की झोप झालेला ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो. बऱ्याच वेळाने दुसरा ड्रायव्हर आला. बाईंनी त्याला विचारलं, "सो के आए हो?" त्याने ठेकेदाराकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "उधर नहीं, इधर देखो." तेव्हा कुठे तो हो म्हणाला. साडभाऊंनी लांबून त्याचे डोळे तपासले, मान हलवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मग माझ्या स्कूटरवर बसायच्या आधी मला विचारलं, "तुमी झोपले होते का?" मी म्हटलं, ऑफिसात झोपलो. ते निर्धास्त मागे बसले आणि मुर्री येईपर्यंत माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपले. इतकी सावकाश स्कूटर मी आयुष्यात चालवली नव्हती.

ठेकेदाराने शब्द पाळला. नोकरी गेली ती गेलीच, आणि विमान कंपनीकडून कोणी त्यांची चौकशी करत आलं नाही. साडभाऊ आता एका राइस मिलचा टेम्पो चालवतात. पगार कमी, पण वेळ भरपूर. मुलीचं शिक्षण ओढून ताणून चाललं आहे. आम्हाला वाटलं होतं, आता निदान मनसोक्त झोपतील. पण झालं उलटंच. मेहुणी सांगते, डोळे मिटतात आणि तासन्‌तास कूस बदलत राहतात. मी त्यांना एकदा विचारलंही. "आता कोनासाठी झोपू, साडभाऊ?" ते म्हणाले. "पोत्याईले का फरक पडते? ते त आधीच झोपून राहतात." आणि आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

परवा रविवारी ते जेवायला आले होते. दुपारी पडवीत चटई टाकून आम्ही आडवे झालो. त्यांचे डोळे छताला लागलेले होते. इतक्यात वरून विमानाचा आवाज आला. ते उठून अंगणात गेले, कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले आणि परत येऊन चटईवर बसले. मग त्यांनी विचारलं, "ह्या लोकाईले आज ज्यानं आनून सोडलं, तो झोपला असन का हो?"

मला त्या ड्रायव्हरचं नावही ठाऊक नव्हतं. पण मी म्हटलं, "हो, रात्रभर झोपला होता म्हणे. सकाळी चौकातच भेटला मला, डोळे अगदी स्वच्छ होते."

"मंग बरं," साडभाऊ म्हणाले आणि कूस बदलून आडवे झाले. काही वेळाने तो जुना, भरदार घोरण्याचा आवाज पडवीत घुमायला लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायको चहा झाल्याचं सांगायला दारात आली, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून तिला आत पाठवलं, आणि ते आपणहून जागे होईपर्यंत तिथून हललो नाही.