उलटं पडलेलं वळण

माझ्या नणंदबाई, सुमनताई, बोलता बोलता हाताला लागेल तो दोरा बोटांवर वळत बसायच्या. गोधडीचा असो, पोत्याचा असो. पुण्याच्या प्रयोगशाळेत प्रथिनांचे आकार शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पण उन्हाळ्यात आमच्या गावी, सुलतानपूरला आल्या की माझ्यासोबत कुरडया करायला बसायच्या. मी चौथी शिकलेली, चार माणसांत बोलायला लाजणारी. तरी त्या मला सगळं सांगायच्या.

"वहिनी, प्रथिन म्हणजे एक लांब साखळी. तिची घडी जशी पडन, तसं तिचं काम. कुरडईले आपण वळवतो, हे सोताच वळते. अन् दरवेळी तशीच्या तशी."

आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, लगेच म्हणायचे, "सोताच वळते तं तुले पगार कायचा भेटते?"

त्या हसायच्या. तरुणपणी त्यांनी असाच एक आकार शोधला होता. त्यानं त्यांचं नाव झालं, आणि पुढं कितीतरी जण त्याच्याच आधारानं काम करत होते.

एका उन्हाळ्यात त्या विभागप्रमुख होणार, असं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात केरळातल्या एका मुलीनं त्यांना लिहून विचारलं की, माझं काम तुमच्या आकाराशी जुळत नाही, माझं कुठं चुकतं? तिचे सर तिलाच दोष देत होते. संशोधन सोडून घरी जायचं तिच्या मनात होतं. सुमनताई ओसरीवर लॅपटॉप घेऊन तिची चूक शोधायला बसल्या, त्या जेवायलाही उठेनात. मी ताट घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "पोरीचं बरोबर हाय, वहिनी. माह्यंच एक वळण उलटं पडलं."

हे म्हणाले, "आधी पद हातात पडू दे, मंग सांग. कोणाले काय समजते?"

"कोणाले समजत नाही म्हणूनच सांगा लागते, दादा. तोवर ते पोरगी घरी जाईन."

त्यांनी आमच्यासमोरच प्रयोगशाळेतल्या साहेबांना फोन लावला. इंग्रजी मला कळलं नाही, पण आवाज कुठं अडखळला नाही. मग त्या मुलीला लावला. पलीकडे ती रडत असावी. सुमनताई तिला मराठीतच म्हणाल्या, "रडू नको माय. जेवली का?" मग आपल्याच बोलण्याचं त्यांना हसू आलं आणि त्या पुन्हा इंग्रजीत बोलू लागल्या.

पद दुसऱ्याला मिळालं. काही जण मागं हसलेही. पण त्या दोघींनी मिळून तो आकार पुन्हा शोधला, आणि या वेळी तो नीट जुळला. ती मुलगी आता स्वतः कॉलेजात शिकवते.

सुमनताई निवृत्त होऊन घरी आल्या तेव्हा ह्यांनी विचारलंच, पद गेल्याचं वाईट वाटत नाही का?

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "पण त्या खुर्चीत बसून मी काय केलं असतं, दादा? अशा पोरी शोधल्या असत्या. एक तं भेटली."