बोलणारा कोट

सांबराच्या शिकारीला मी पहिल्यांदाच निघालो होतो. वाट दाखवायला आलेला पोशेरा गावचा म्हातारा माझे कपडे बघत नव्हता, ऐकत होता. एकेक कपडा कानाशी धरून चुरगाळायचा. "दादा, तुजा कोट बोलतो," म्हणत त्याने माझा नवा कोट काढून ठेवला, मग करकरणारे बूट. स्वतःची धुरकट वासाची घोंगडी माझ्यावर पांघरून तो उघडाच पुढे चालू लागला.

पहाटेच्या धुक्यात आम्ही दबा धरून बसलो असताना सांबर आले, इतके जवळ की त्याचा श्वास दिसत होता. म्हाताऱ्याने माझ्या छातीला कान लावला. "ह्ये लय बोलतं," तो पुटपुटला. बंदूक माझ्या मांडीवरच राहिली. सांबर धुक्यात विरून गेले.

जव्हारच्या बाजारात भेटला की तो अजूनही छातीला कान लावतो. "बोलतं अजून," म्हणतो आणि समाधानाने पुढे जातो.